खाजगी फितींचे दप्तर

मैफल उठली म्हणजे तिच्यामागे श्रोत्यांच्या स्मरणावाचून दुसरी निशाणी राहत नसे. भास्करबुवा बखले 1922 साली निवर्तले आणि अल्लादिया खाँ 1946 साली. महाराष्ट्राच्या गायकीस ज्यांनी वळण दिले अशा या दोन थोर गवयांच्या गायनाची एकही तबकडी निघाली नाही, आणि त्यांच्या गाण्याची कल्पना करावयाची तर शिष्यांच्या गळ्यावरून व वृद्ध रसिकांच्या सांगोवांगीवरून अनुमान बांधण्याखेरीज आज गत्यंतर नाही. विशेष हे की, ते हयात असतानाच ध्वनिमुद्रणाची विद्या हिंदुस्थानात रुजू झाली होती.

ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हापासून गवयापुढे कीर्तीचे एक नवे दार उघडले. पण त्या दाराची उंची तीन मिनिटांची होती. जो राग विलंबित लयीत तास-दीड तास उलगडावयाचा, तो तबकडीच्या एका बाजूत बसविणे म्हणजे आळंदीहून पहाटे निघालेली पालखी त्याच दुपारी पंढरपुरास पोचविण्यासारखे होते. मुक्काम सारे गाळले म्हणजे वारीत उरावयाचे काय? गायिका केसरबाई केरकर यांच्या भैरवीचे साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात रवाना झाले. पण याच बाईंचा, ध्वनिमुद्रणाविषयी ज्यांची नाखुषी सर्वश्रुत होती त्यांचा, जो थोडासा दीर्घ विस्तार आज कानी पडतो, तो बहुतांशी कोणा हौशी माणसाने जपलेल्या खाजगी फितींच्या कृपेने.

काळाची ही टंचाई तबकडीने आणली, तशीच स्वरांची टंचाई त्या सुमारास घरोघर येऊन बसलेल्या बाजाच्या पेटीने आणली. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो. गवई त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचे दिवस ओसरल्यावर तंतुवाद्यांचा व्यवसाय पत्करला, आणि पंढरपूर-मंगळवेढे भागातील भोपळ्यांतून हा अदृश्य गांधार जागविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. उलट, सप्तकाचे बारा समान विभाग करणाऱ्या पेटीचा गांधार, अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर सुमारे 14 भागांनी चढा असतो. सामान्य कानास हे अंतर जाणवणार नाही; पण तंबोऱ्याशी मुरलेल्या कानास ते खड्यासारखे टोचते.

हा खडा काढून टाकण्याचा उद्योग महाराष्ट्रातच झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली सप्तकातील बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. गवई अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातील स्वरांची या कामी पारख झाली. आणि सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या पुढाकाराने लंडनच्या कारखान्यात श्रुतींची पेटी तयार करविण्यात आली. 1916 साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीवरून मोठा वाद झाला, व ती काही गवयांच्या बैठकीत स्थिरावली नाही. पुढे 1940 साली नभोवाणीने हार्मोनियमला मनाईच केली आणि तो हुकूम सुमारे तीस वर्षे अमलात राहिला. गंमत अशी की, नभोवाणीवर बंदी असलेली पेटी महाराष्ट्राच्या बैठकीतून मात्र हलली नाही.

या दोन्ही टंचाया दूर करण्याचे श्रेय ज्या यंत्राकडे जाते, ते त्यासाठी निर्माण झालेच नव्हते. चुंबकीय फितीचे यंत्र 1935 साली बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढे आले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या काळात ग्रुंडिग, अकाई अशा नावांची जड पेटारेवजा यंत्रे परदेशाहून परतणाऱ्यांच्या सामानातून आणि सधन रसिकांच्या दिवाणखान्यांतून दिसू लागली. सात इंची रिळावरील 1200 फूट फीत सेकंदास पावणेचार इंच या गतीने एका बाजूस 64 मिनिटे चाले. प्रथमच असे झाले की, गवयाने ‘सा’ लावल्यापासून भैरवीपर्यंत मधले मुक्काम न गाळता गाणे कोणाच्या तरी कपाटात जाऊन बसले, आणि त्याबरोबर तबल्यावरील हातोडीची ठोकठोक, कोणा श्रोत्याचा खोकला, खालच्या रस्त्यावरून जाणारी मोटार आणि समेवर एकदम उसळलेली ‘वाहवा’ही.

मैफली फितीवर टिपण्याच्या या छंदाचा एक अलिखित रिवाज पडला. मुद्रणापूर्वी यजमानाची व गवयाची परवानगी घ्यावयाची. काही कलावंत ती सढळपणे देत, काही साफ नाकारीत, आणि नाकारल्यावरही पिशवीत यंत्र दडवून नेणारे महाभाग निघतच. मूळ फीत घराबाहेर जावयाची नाही. नकल करावयाची तर समोरच्याने आपले यंत्र घेऊन यावे, दोन्ही यंत्रे तारेने जोडावीत, आणि जेवढा वेळ गाणे तेवढाच वेळ नकल, म्हणून दोघांनी रात्र जागवावी. देवाणघेवाण बहुधा ऐवजास ऐवज अशी चाले. दुर्मीळ फीत वतनासारखी दडवून ठेवणारे होते, तसेच अन्नछत्र घालावे त्या उदारपणे वाटणारेही होते. डब्यावर राग, तारीख आणि साथसंगत यांची नोंद दप्तरी कारकुनाच्या चोखपणाने करणाऱ्यांचे उपकार पुढील पिढीस अधिक कळले, कारण चिठी गळून पडलेल्या फितीतील गवई ओळखणे हे पुढे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले.

1963 साली निघालेली फिलिप्सची कॅसेट आपल्याकडे नंतरच्या दोन दशकांत सर्वांच्या आवाक्यात आली आणि श्रीमंतांचा छंद कारकुनांचा व विद्यार्थ्यांचाही झाला. मात्र 45 मिनिटांनी बाजू उलटताना नेमकी एखादी तान निसटे. प्रताधिकार कायद्याच्या 1994 च्या दुरुस्तीने कलावंतास आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला, आणि स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी अथवा अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणास मुभा राहिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत आंतरजालाने खाजगी आणि सार्वजनिक यांच्यातील कुंपणच उखडून टाकले. मूळचे गोमंतकीय आणि त्या काळी अमेरिकावासी असलेले राजन पर्रीकर यांनी रागांविषयीच्या आपल्या लेखांतील विधानांस ध्वनिखंडांचा पुरावा जोडला, तेव्हा एकेकाळी दारे लावून ऐकल्या जाणाऱ्या फिती सातासमुद्रापलीकडच्या जिज्ञासूपुढे खुल्या झाल्या. या खुलेपणात कलावंताच्या संमतीचा प्रश्न मिटला नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे; पण हाच ऐवज कपाटात ठेवला असता तर बुरशीने खाल्ला असता, हेही तितकेच खरे.

या फितींत एक दोष सर्रास आढळतो. यंत्राचा पट्टा सैल, विजेचा दाब कमीजास्त, त्यातून नकलेवर नकल. परिणामी काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो. परंतु गती थोडी वाढली तरी सारे स्वर एकाच प्रमाणात चढतात. षड्ज आपल्या जागेवरून हलतो, गांधारही हलतो, पण षड्जापासून गांधाराचे नाते रेसभरही बदलत नाही. म्हणूनच मुद्रणावरून स्वरांतरे मोजता येतात. संशोधक नझीर जयराजभाय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी 1963 साली ध्वनिमुद्रित संगीतातील स्वरस्थाने मोजली, तेव्हा ती ठरीव आकड्यांना बांधलेली नसून कलावंताच्या हातीगळी हलती राहतात असे आढळले. देवलांनी ज्या श्रुतींसाठी आयुष्याचा उत्तरकाळ वेचला आणि ज्या पेटीच्या पट्ट्यांत स्थिर राहावयास तयार झाल्या नाहीत, त्या श्रुती कोणा हौशी गृहस्थाने, श्रुतिशास्त्राचे अक्षर न वाचता, खोकल्यासकट आणि मोटारीच्या आवाजासकट, चालत्या-बोलत्या अवस्थेत दप्तरी दाखल करून ठेवल्या आहेत.