झाडीचा प्यादा

अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या पूर्वेकडील गोंड राजांचे लष्करी बळ नोंदवले आहे. देवगडच्या जाटब्याकडे २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि शंभरावर हत्ती. चांद्याच्या राजाकडे १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ. एका स्वारामागे पंचवीस प्यादे एकीकडे आणि चाळीस प्यादे दुसरीकडे, असे हे प्रमाण आहे. आज कुणी तरुण एखाद्या जुन्या युद्धखेळाचे ‘मॉड’ करायला बसला, म्हणजे तयार खेळाच्या चौकटीत स्वतःची माणसे, शस्त्रे आणि नियम घालू लागला, आणि त्यात त्याला पूर्व विदर्भाचा योद्धा उभा करायचा असेल, तर त्याने या आकड्यांपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. सहसा तसे होत नाही. पहिला हात जातो तो तलवारीकडे आणि घोड्याकडे, कारण मराठी मनातला लढवय्या घोड्यावर बसलेला असतो. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाचा योद्धा रेखाटायचा तर त्या घोड्यावरून खाली उतरावे लागेल, आणि उतरून तो वर्षभर काय करत होता हे आधी पाहावे लागेल.

हा प्रतापगड अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तोवर तो भंडारा जिल्ह्यात मोडत होता. नवेगावबांधचे रान आणि तलाव त्याच्या शेजारी आहेत. टेकडीवरचा किल्ला गोंडकालीन म्हणून ओळखला जातो. महाशिवरात्रीला इथे महादेवाची मोठी यात्रा भरते, आणि याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकी स्मरणात मात्र प्रतापगड एकच, साताऱ्याकडचा. १० नोव्हेंबर १६५९ च्या लढाईने त्याचे नाव इतके व्यापले आहे की गोंदियाच्या प्रतापगडचा शिपाई काढायला सांगितला तर चित्रकार नकळत साताऱ्याचाच मावळा काढेल. गंमत अशी की साताऱ्याच्या त्या लढाईनेही माझीच बाजू बळकट होते. जावळीच्या दाट रानात अफझलखानाच्या फौजेला घोडदळाचा लाभ मिळाला नाही, आणि रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांच्या पायदळाने ती फौज उधळली. म्हणजे ज्या प्रतापगडावरून आपण घोडेस्वाराची प्रतिमा उचलतो, तिथेही त्या दिवसाचे मुख्य काम पायी लढणाऱ्यांनी केले होते.

शस्त्रावरून योद्धा घडवण्याच्या सवयीचे परिणाम पाहायचे तर जपानइतके चांगले उदाहरण नाही, कारण सामुराईइतका वारंवार रेखाटलेला योद्धा खेळांच्या जगात दुसरा नसेल. २०२० साली आलेला ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा खेळ १२७४ च्या मंगोल स्वारीवर बेतलेला आहे. त्याच्या नायकाची ओळख म्हणजे त्याची कताना ही तलवार, आणि त्याची चिलखतेही बरीच पुढच्या शतकांच्या वळणाची आहेत. तेराव्या शतकातला सामुराई मुळात घोड्यावरचा धनुर्धर होता. हे आपण तर्काने म्हणत नाही. ताकेझाकी सुएनागा या सामुराईने त्या स्वाऱ्यांतला स्वतःचा पराक्रम चित्रांच्या लांब पटावर रंगवून घेतला, तो पट आजही उपलब्ध आहे आणि त्यात तो घोड्यावर, धनुष्यासह दिसतो. खेळकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. प्रेक्षकाच्या मनातला सामुराई वेगळा होता म्हणून त्यांनी तो दिला. तलवार म्हणजेच सामुराई हे समीकरण घट्ट झाले ते पुढे तोकुगावा राजवटीच्या दीर्घ शांततेत, जेव्हा लढाया थांबल्या होत्या आणि कमरेच्या दोन तलवारी ही हुद्द्याची खूण उरली होती. लढाया जोरात होत्या त्या सोळाव्या शतकात सैन्याचा मोठा भाग आशिगारूंचा, म्हणजे साध्या पायदळाचा होता. त्यांच्या हातात लांब भाले होते, आणि १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांकडून तोड्याची बंदूक पोचल्यावर तीही आली. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ताकेदा घराण्याचे नावाजलेले घोडदळ या बंदूकधाऱ्यांपुढे मोडले. पुढे १५८८ साली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला. शेतकरी आणि शिपाई ही एकाच माणसाची दोन रूपे असण्याचे दिवस तिथे संपवावे लागले, याचा अर्थ तोवर ती होती. चांगले जपानी मॉड ओळखायचे ते याच खुणेवरून: त्यात आशिगारूला किती जागा आहे?

आता झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या रानाळ मुलखाकडे वळू. माझा दावा असा आहे की योद्ध्याचे रूप त्याच्या वर्षातून काढावे. त्याचे पीक कोणते, ते कधी हाताला येते, त्याच्या भोवती जमीन कशी, त्याला मोबदला कशात मिळतो, हे ठरले की अंगावरचे कपडे आणि हातातले शस्त्र पुष्कळसे आपोआप ठरते. मराठी फौजांचे वर्ष दसऱ्याला सुरू होई. सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघायचे आणि पावसाळ्याआधी छावणीला परतायचे. दख्खनच्या उघड्या माळावर, जिथे घोड्याला चाल आणि वैरण दोन्ही मिळते, तिथे हे जमून जाते. प्रतापगडाच्या परिसरात शेत म्हणजे धानाची बांधी. आषाढ-श्रावणात रोवणी, तीही गुडघाभर चिखलात; हलका धान आश्विनात निघतो, पण भारी धान कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत उभा असतो. दसऱ्याला इथला माणूस मोकळा नसतो. गावाभोवती बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि तलाव; नवेगावचा मोठा बांध परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर सांगितला जातो. बांध्यांच्या धुऱ्यांवरून, तलावांच्या पाळींवरून आणि त्यापलीकडच्या बांबूच्या रानातून घोडदळाची फळी दौडत नेणे अवघड. असा मुलूख ज्या राजाच्या ताब्यात आहे त्याच्याकडे हजार स्वार आणि चाळीस हजार प्यादे असावेत यात नवल नाही. ते चाळीस हजार बाराही महिने पगारावर असतील असेही मानण्याचे कारण नाही. जमीनदाराच्या हाकेसरशी गावागावातून येणारी, आणि पेरणी-कापणीला परत जाणारी माणसेच त्यात बहुसंख्य असणार. हे अनुमान आहे, पण धानाच्या वेळापत्रकाने बांधलेले अनुमान आहे.

यावर पहिला आक्षेप आकड्यांवरच येईल. अबुल फजलाचे आकडे गोल आहेत, मुघल दरबाराला हा मुलूख दुरूनच माहीत होता, आणि पन्नास हजार म्हणजे पुष्कळ असेच त्याला म्हणायचे असेल. हे मान्य करायला हरकत नाही. पण मी संख्येवर काही उभारलेले नाही, प्रमाणावर उभारले आहे. फुगवायचेच असते तर घोडदळही फुगवता आले असते, कारण मुघल मनसबदारीत लष्करी जबाबदारीचे माप स्वारांत होते. ज्या दरबाराची नजर घोड्यावर असे, त्यालासुद्धा इथे घोडे थोडे आणि माणसे अफाट दिसली. याच दरबारी लेखकाने गढ्याच्या राणी दुर्गावतीची १५६४ ची लढाई वर्णिली आहे. तिने नर्राईची डोंगर-नद्यांमधली अडचणीची जागा निवडली, खिंडीत आलेल्या मुघल तुकडीला मागे रेटले, आणि त्याच रात्री छापा घालायचा तिचा विचार सरदारांनी मानला नाही. दुसऱ्या दिवशी तोफा आल्यावर पारडे फिरले. गढा हे वेगळे राज्य, पण भूमीशी जुळवून घेतलेली युद्धरीत तीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गोंड समाजातूनच यायला हवा. कमरेला वस्त्र, हातात धनुष्य आणि खांद्यावर कुऱ्हाड, असा प्यादा काढला की तो ‘रानटी’ शिपायाच्या जुन्या साच्यात जाऊन बसतो. वसाहती काळातल्या छायाचित्रांनी हाच साचा पक्का केला आणि त्यामागची राज्ये पुसून टाकली. या आक्षेपाला माझे उत्तर असे की धनुष्य लपवू नये, पण धनुष्याच्या मागे उभे असलेले राज्य पूर्ण दाखवावे. बांबूच्या रानात बांबूचे धनुष्य आणि बांबूच्याच सालीची दोरी वापरणे ही साधनांची अचूक निवड आहे. जपानी युमी या धनुष्यातही बांबूच असतो आणि त्याला कुणी मागास म्हणत नाही. चांद्याला दगडी कोट होता, त्याच्या वेशींवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. देवगडचा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला, त्याने अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नागपूर वसवले, आणि त्याच्या पदरी पठाण सरदार होते. तुमसरजवळचा अंबागड किल्ला त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधला. म्हणजे ज्या फौजेत आपला प्यादा उभा आहे, तिच्यात गोंड जमीनदार, पठाण अंमलदार, शंभर हत्तींचे माहूत आणि तोड्याच्या बंदुका अशी सरमिसळ होती. पुढे १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर शहर धरून बसलेले भोसल्यांचे शिपाई अरब होते, आणि १८५८ साली चांद्याला फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांच्या उठावात गोंडांबरोबर रोहिलेही होते. दीडेकशे वर्षे या प्रदेशातल्या लढवय्यांचा मेळ असा मिसळलेला होता. तो दाखवला की धनुष्य आपोआप राज्याच्या शस्त्रागारातले एक शस्त्र होते.

भोसल्यांचे घोडदळ इथे आलेच होते, मग स्वार का नको, असेही कुणी विचारेल. आले होते; १७४३ पासून नागपूर रघूजींच्या हाती होते, १७५१ साली चांद्याची गादीही गेली, आणि याच घोडदळाने बंगालपर्यंत धडक मारली. मॉड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाचे असेल तर बारगीर आणि शिलेदार दोन्ही घ्यावेत. मात्र ते बाहेरून आलेले बळ म्हणून घ्यावे, झाडीतून उगवलेले म्हणून नव्हे.

पुराव्याच्या बाबतीत जपानची बाजू आपल्याहून फार बळकट आहे, हे कबूल केलेच पाहिजे. सतराव्या शतकात तिथे ‘झोह्यो मोनोगातारी’ नावाचे सचित्र पुस्तक तयार झाले, ते केवळ साध्या शिपायांविषयी आहे. शिदोरी कशी बांधावी, अळूच्या देठांची दोरी वळून तीच पुढे रश्शात कशी शिजवावी, असा तपशील त्यात आहे. देवगड-चांद्याच्या प्याद्याचे असे पुस्तक आपल्या हाती नाही. नागपूरचा ‘अजब बंगला’, म्हणजे १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय, शस्त्रे आणि आदिवासी जीवनाच्या वस्तू जपतो, पण एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली वस्तू सोळाव्या शतकाच्या माणसाच्या अंगावर सरळ चढवता येत नाही. इथेच वर्षातून रूप काढण्याची रीत उपयोगी पडते. पागोट्याचा रंग आपल्याला सांगता येणार नाही; पण चिखलात चालणारा माणूस पायघोळ झगा आणि जड चिलखत घालणार नाही, रानात लाकूड तोडणाऱ्याच्या हाती कुऱ्हाड असणारच, आणि तोड्याची बंदूक पावसात भरवशाची नसल्याने तिच्याबरोबर धनुष्य टिकून राहणार, एवढे सांगता येते. अज्ञात तपशील साधा ठेवावा. त्यावर दागिने, वाघनखे आणि कवट्या लटकवण्याचा मोह टाळावा.

आणि शेवटी खेळणाऱ्याचा आक्षेप: हा खेळ आहे, त्यात ओळखू येणारी माणसे आणि समतोल हवा. पण खेळांनी हे आधीच करून दाखवले आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ या खेळाच्या २००७ सालच्या आशियाई विस्तारात जपानच्या बाजूला आशिगारू बंदूकधारी नावानिशी आहे आणि तो खेळायला लोकप्रिय आहे. त्याच विस्तारात भारत मात्र एकच संस्कृती धरून शिपाई, गुरखा, राजपूत असे वेगवेगळ्या मुलखांचे आणि काळांचे लोक एका रांगेत उभे केले आहेत. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठा राज्य खेळता येते, ही चांगली गोष्ट, पण गोंड राज्यांना तिथे वेगळा चेहरा नाही. मोठ्या कंपन्यांना एवढ्या लहान मुलखात शिरणे परवडत नाही. चार-पाच जणांच्या मॉडला परवडते. नियमही तयारच आहेत. रानात लपता येणे, झाडीत घोडदळ अडखळणे, दलदलीत चाल मंदावणे हे अशा युद्धखेळांत जुनेच आहे. झाडीचा प्यादा यात कमकुवत पडणार नाही. उघड्या माळावर तो स्वारापुढे हरेल आणि तलावाच्या पाळीवर जिंकेल. त्याच्या भरतीची किंमत सोन्यात न ठेवता धानात ठेवावी. रोवणीच्या दोन महिन्यांत भरती बंद असावी, आणि भारी धान निघेपर्यंत फौज पूर्ण संख्येने उभी राहू नये. खेळणाऱ्याने दसऱ्याला स्वारी काढली तर मागे उभे पीक सोडून काढावी लागेल, आणि त्याचा फटका पुढच्या वर्षीच्या कोठारात दिसेल. गोंदिया जिल्ह्यातल्याच सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या माघी पौर्णिमेच्या यात्रेला जमणाऱ्या गोंड समाजाला हे चित्र आधी दाखवावे, आणि त्यांनी सुचवलेले बदल करूनच ते खेळात घालावे.