काँक्रीटचा वारसा आणि आपण

लेणी, गडकोट आणि देवालये यांचे जतन व्हावे, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी उभ्या राहिलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींस ऐतिहासिक म्हणावे, असे कोणी सुचविताच पुष्कळांस ते विपरीत वाटते. वस्तुतः मुंबईचा आधुनिक मध्यमवर्ग बहुतांशी याच इमारतींत घडला. म्हणून त्यांचा वृत्तांत ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॅकबेचा समुद्र हटवून नवी जमीन निर्माण करण्यात आली. उधळपट्टी आणि दिरंगाई यांमुळे ती योजना बदनाम झाली. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी तिच्या कारभारावर कडाडून टीका केली. तथापि त्याच जमिनीवर पुढे एका नव्या नगररचनेचा उदय झाला. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय आणि राजाबाई मनोरा यांची एकोणिसाव्या शतकातील दगडी शिखरे, तर पश्चिमेस १९३० नंतरच्या दशकातील समान उंचीच्या, गोलाकार सज्जांच्या आर्ट डेको इमारती, असे दोन शतकांचे दर्शन एकाच मैदानावरून घडते. शोराबजी भेडवार यांचे इरॉस चित्रपटगृह १९३८ साली याच परिसरात सुरू झाले.

येथे एक गोष्ट विशेष अभिमानाने नमूद केली पाहिजे. पूर्वेकडील इमारतींचे आराखडे इंग्रजांचे. पश्चिमेकडील इमारतींत मात्र भारतीय वास्तुविशारदांचा हात मोठा होता. त्यांत गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२–१९७३) यांचे नाव अग्रभागी येते. ओव्हलवरील एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हवरील सूना महल या त्यांच्याच कृती होत. वारा खेळेल, पावसाची झड आत येणार नाही आणि प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र न्हाणीघर व शौचकूप मिळेल, अशी घरे या पिढीने रचिली. चाळीतील सामाईक नळावरून सदनिकेत येणे हे त्या काळी केवळ स्थलांतर नव्हते, तर जीवनपद्धतीतील स्थित्यंतर होते.

मग या इमारतींवर संकट का आले? समुद्राच्या खाऱ्या हवेने काँक्रीटमधील सळ्यांस गंज चढतो, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. त्यायोगे भाडेकरूस आधार मिळाला, परंतु मालकास डागडुजी परवडेनाशी झाली. पुढे जुनी इमारत पाडून बांधणाऱ्यास वाढीव चटईक्षेत्र मिळू लागले. दुरुस्ती करणाऱ्यास तसे प्रलोभन क्वचितच लाभते. अशा स्थितीत पाडणे फायद्याचे आणि राखणे खर्चाचे ठरले, यात नवल ते काय?

उपेक्षेचा परिणाम दिल्लीने दाखवून दिला आहे. राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी १९७२ साली प्रगती मैदानावर उभारलेले 'हॉल ऑफ नेशन्स' हे काँक्रीटच्या त्रिमितीय जाळीचे अपूर्व दालन होते. साठ वर्षे पूर्ण न झालेल्या वास्तूस वारसा मानता येत नाही, हा निकष आड आला आणि एप्रिल २०१७ मध्ये ते एका रात्रीत जमीनदोस्त झाले. वास्तू साठीस पोहोचण्यापूर्वीच पाडावयाची, तर ती वारसा होणार कधी?

मुंबईचा अनुभव याहून आशादायक आहे. १९९५ साली येथे वारसा-नियमावली लागू झाली. ओव्हल परिसरातील रहिवाशांच्या संघटनांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने येथील ९४ इमारतींच्या समूहास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पण हे संरक्षण दादर, माटुंगा, शिवाजी पार्कपर्यंत पोहोचत नाही. तेथील त्याच काळच्या इमारती एकामागून एक नाहीशा होत आहेत. २०१२ साली शिवाजी पार्क परिसर वारसा-यादीत घालण्याची सूचना निघाली, तेव्हा रहिवाशांतूनच विरोध झाला. तो विरोध अज्ञानमूलक होता, असे आम्ही म्हणणार नाही. गळकी छते आणि उद्वाहनाविना तीन जिने चढणारे वृद्ध, ही दुःखे खरी आहेत. वारशाच्या नावाखाली रहिवाशास मोडक्या घरात डांबणे हे जतन नव्हे.

तथापि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तटस्थ अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी, दुरुस्तीचा खर्च लेखी मागावा, आणि इमारतीचे मूळ नकाशे व छायाचित्रे जपून ठेवावीत, एवढी आमची विनंती आहे. ज्या घरांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांस सावली दिली, त्यांचा निकाल केवळ चटईक्षेत्राच्या हिशेबावर लागू नये. पाडावेच लागले तर ते विचारान्ती पाडावे. आणि जे राखता येईल, ते आपल्या नातवंडांसाठी अवश्य राखावे.