मलमल, चिखल आणि पेलीस

जेन ऑस्टिनच्या काळातली इंग्रज स्त्री म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे झिरझिरीत पांढऱ्या मलमलीच्या झग्यात कुडकुडणारी एक नाजूक बाहुली येते. चित्रपटांनी ही प्रतिमा पक्की केली, पण तिची मुळे जुनी आहेत. झगा अंगाला चिकटावा म्हणून त्या बायका मलमल मुद्दाम ओली करून घालत, आणि १८०३ साली पॅरिसमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ पसरली ती या 'मलमलीच्या रोगा'मुळेच, असे आजही सांगितले जाते. थोडक्यात, फॅशनपायी बाईने अक्कल गहाण टाकली होती. हे मत चुकीचे तर आहेच, शिवाय ते त्या बायकांवर अन्याय करणारे आहे असे मला वाटते.

पूर्वपक्षाचा मुख्य आधार आहे व्यंगचित्रांचा. जेम्स गिलरेने १८१० साली केन्सिंग्टन गार्डन्समध्ये वाऱ्याच्या तडाख्यात सापडलेल्या तीन स्त्रिया रंगवल्या. त्यांचे झगे अंगाला असे लपेटले आहेत की देहाची रेघ न् रेघ दिसावी. पण हे चित्र मे महिन्यातले, आणि मुळात थट्टेसाठी काढलेले. त्यावरून बाराही महिन्यांचा पोशाख ठरवणे म्हणजे टवाळखोराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे. ओल्या मलमलीच्या गोष्टीचा माग काढू गेले तरी हाती लागते ती टवाळी आणि ऐकीव माहिती. आणि इन्फ्लुएन्झा विषाणूने होतो, कापडाने नव्हे.

यातला एक भाग खरा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. नाचाच्या मेळाव्यांतले संध्याकाळचे झगे पातळ आणि खोल गळ्याचे असत. मात्र घरातला सकाळचा पोशाख, संध्याकाळचा पोशाख आणि बाहेर फिरण्याचा पोशाख हे तेव्हाच्या फॅशन-मासिकांत वेगवेगळे प्रकार होते, आणि चित्रांखाली तशी नावेही छापली जात. सगळा घोटाळा होतो तो नाचघरातली बाई रस्त्यावर उभी केल्यामुळे.

१८०९ पासून लंडनमध्ये निघणारे रूडॉल्फ आकरमनचे मासिक चाळावे. सुरुवातीच्या वर्षांत त्यात खऱ्या कापडाचे तुकडेही चिकटवलेले असत, म्हणजे वाचकाला पोत बोटांनी चाचपून पाहता येई. फिरण्याच्या पोशाखात तिथे मलमल एकटी क्वचितच दिसते. तिच्यावर छातीखालीच संपणारे तोकडे, लांब बाह्यांचे स्पेन्सर जाकीट असते, नाहीतर 'पेलीस' नावाचा लांब अंगरखा. हिवाळ्यात त्याला फरची किनार किंवा अस्तर, हातांसाठी फरचा मफ, डोक्यावर बॉनेट. फिरण्याच्या झग्याला मागे लोळणारा घोळ नसे, तो घोट्यापर्यंतच असे. आणि शाल! काश्मिरी पश्मिन्याची ती ऊबदार शाल इतकी हवीशी होती की नॉर्विच, एडिंबरो आणि पेझ्लीच्या मागांवर तिच्या नकला विणल्या जात. एकीकडे आपल्याकडच्या मलमलीने त्या बायकांना गारठवले म्हणायचे आणि आपल्याचकडच्या लोकरीने त्यांना ऊब दिली हे विसरायचे, हा कुठला न्याय?

पायांकडे पाहिले तर हे मत आणखीच लटके पडते. 'द वॉटसन्स' या ऑस्टिनच्या अपुऱ्या कादंबरीत एक लॉर्ड नायिका एमाला बायकांच्या अर्ध्या बुटांचे कौतुक ऐकवतो. एमाचे उत्तर असे की, देखणेपणाला बाध येण्याइतके ते भक्कम नसतील तर खेड्यातल्या वाटांना ते निरुपयोगी. फॅशन आणि चिखल यांतला फरक ही मुलगी नेमका ओळखते. ऑस्टिनच्याच 'पर्स्वेजन'मध्ये बाथ शहरातल्या पावसात कोणाचे बूट अधिक जाड, यावर चक्क चढाओढ लागते. तिचीच दुसरी नायिका एलिझाबेथ बेनेट तीन मैल चालून येते तेव्हा चिखल लागलेला असतो तो तिच्या आतल्या परकराला. झगा वर धरून परकराने चिखल झेलायचा आणि पोहोचल्यावर झगा खाली सोडायचा, ही चालणाऱ्या बाईची रीतच होती.

मग पांढरी मलमलच का डोळ्यांत भरते? मला वाटते, कारण संग्रहालयांत आहे. खास प्रसंगाचा झगा जपून ठेवला जातो. रोजचा जाड झगा फाटेपर्यंत वापरतात, उसवून धाकटीला बेततात, उरलेल्याला कसर लागते. जे टिकले तेच सगळे होते असे आपण धरून चालतो. खुद्द ऑस्टिनचा म्हणून हॅम्पशायरमध्ये जपलेला जो पोशाख आहे, तो मात्र तपकिरी रेशमाचा, ओकच्या पानांच्या नक्षीचा पेलीस आहे.

'पर्स्वेजन'मधला कॅप्टन वेन्टवर्थ आपल्या पहिल्या जुनाट जहाजाची ओळख करून देताना उपमा देतो ती पेलीसचीच. वर्षानुवर्षे ओळखीपाळखीच्या निम्म्या बायकांत उसना फिरलेला, आणि शेवटी एका झोडपत्या पावसाच्या दिवशी आपल्या वाट्याला आलेला जुना पेलीस. समोर बसलेल्या मुलींना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.