निसर्गोपचारकाचे काम

निसर्गोपचार म्हटले की पोटावर मातीची पट्टी ठेवून पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, नाहीतर डोंगरातले महागडे रिसॉर्ट. दोन्ही चित्रांत उपचार करणारा दिसत नाही. हे पुस्तक त्याच्याविषयी आहे. या शाखेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते लिहिले असले, तरी जिज्ञासू वाचकाचेही स्वागतच आहे.

ही पद्धत थेट ऋषिमुनींकडून आली असे सांगण्याची आपल्याकडे हौस आहे. लंघन, ऊन, पाणी यांचे गुण आयुर्वेदाला ठाऊक होतेच. पण आज शिकवले जाणारे कटिस्नान किंवा थंड पाण्याच्या पट्ट्या एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातून आल्या. ग्रेफेनबर्गचा शेतकरी प्रीसनिट्स, बव्हेरियातला धर्मगुरू क्नाइप, लाइपझिगचा लुई कुन्हे यांच्यापैकी कोणीही रीतसर वैद्यक शिकलेला नव्हता. त्यामुळे त्यांना रूढ समजुतींपलीकडे पाहता आले. त्याचमुळे सर्व रोगांचे मूळ एकच, असे ठामपणे सांगण्याचा मोह कुन्हेला आवरला नाही. हा मोह या शाखेत अजून टिकून आहे. विद्यार्थ्याने त्यापासून चार हात दूर राहावे.

कुन्हे आणि आडॉल्फ युस्ट यांची पुस्तके वाचून गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत पाण्याचे आणि मातीचे प्रयोग केले. पुढे पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या नेचर क्युअर क्लिनिकमध्ये ते उपचारांसाठी राहत. तिथेच गरिबांसाठी केंद्र उभारावे असे त्यांच्या मनात होते. पण खेड्यातला मजूर घरदार सोडून शहरात राहणार कसा? बेत बदलला, आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. गावकऱ्यांना स्वतः तपासून त्यांनी सूर्यस्नान, कटिस्नान, साधा आहार आणि रामनाम सांगितले. त्यांच्यामागे मणिभाई देसाई आणि बाळकोबा भावे यांनी तिथे उभा राहिलेला निसर्गोपचार आश्रम सांभाळला. मेहतांच्या क्लिनिकच्या जागी १९८६पासून राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे.

उरुळीच्या निर्णयात उपचारकाच्या भूमिकेचा गाभा आहे. रुग्णाला जे घरी परतल्यावर परवडेल, जमेल आणि कळेल, तेच त्याला शिकवायचे. दहा दिवस रसाहारावर ठेवून वजन उतरवणे सोपे आहे. रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचे जेवण किती वाजता असावे, हे त्याच्याशी बोलून ठरवणे कठीण, आणि खरे काम तेच.

साधने साधी असली तरी निरुपद्रवी नाहीत. गरम पाण्याच्या टबात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो; रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा वृद्ध टबातून झटकन उठला तर घेरी येऊन पडेल. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे चालू असताना उपवास धरला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हृदयविकार असलेल्याला एकदम गार पाण्यात बसवणे म्हणजे हृदयावर अचानक ताण टाकणे. म्हणूनच निसर्गोपचार आणि योगशास्त्राच्या पदवीच्या (बी.एन.वाय.एस.) साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र आहे. हे विषय केवळ परीक्षेपुरते पाठ करणाऱ्याने रुग्णाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुराव्यांबाबतही सरसकट बोलता येत नाही. आहार, व्यायाम, वजन यांचा मधुमेहावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम भक्कम पुराव्यांनी सिद्ध आहे. गुडघेदुखीत पाण्यातल्या व्यायामाने काहीसा आराम पडतो. मातीच्या पट्टीने गारवा मिळतो, बरेही वाटते. ती शरीरातले ‘विष’ ओढून घेते हा दावा मात्र या पुस्तकात सापडणार नाही. कर्करोग, क्षयरोग, तीव्र संसर्ग अशा वेळी रुग्णाला विनाविलंब योग्य डॉक्टरांकडे पाठवणे हाही उपचारकाच्या कामाचा भाग आहे. चालू औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करणे कुठल्याही निमित्ताने क्षम्य नाही. निसर्गोपचाराचे एवढे मोठे पुरस्कर्ते गांधीजी, पण जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी केली. काही कट्टर अनुयायी हा प्रसंग सांगायचे टाळतात; आम्ही तो मुद्दाम सांगतो.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे रुग्णाशी बोलणे, त्याची दिनचर्या नोंदवणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे यांवर आहेत. पाणी, माती आणि उपवास त्यानंतर येतात. टबाची मापे आधी शोधणाऱ्यांची निराशा होईल, पण प्रकरणांचा क्रम आम्ही विचारपूर्वक लावला आहे.