गोलपोस्टसमोरची जागा : ॲलनपासून प्रिन्सदीपपर्यंत

8 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये भारताने स्पेनला 2-1 असं हरवून ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकलं आणि त्याच सामन्याने पी. आर. श्रीजेशची कारकीर्द संपली. हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातला त्याचा 16 क्रमांक कायमचा निवृत्त केला आणि त्याच्याकडे 21 वर्षांखालील संघाचं प्रशिक्षकपद सोपवलं. जागा सोडून गेलेल्या गोलरक्षकालाच त्या जागेचा पुढचा वारस घडवायला सांगण्यात आलं. भारतीय हॉकीत असं क्वचितच घडलं आहे. ही जागा आजवर दुखापतीने, बंदीने, रोषाने किंवा योगायोगाने हातोहात फिरत आली. तिचा मागोवा घेतला, तर वाट पुन्हा पुन्हा महाराष्ट्रातून जाते.

सुरुवात नागपूरची आहे. रिचर्ड ॲलनचा जन्म 1902 साली तिथे झाला. 1928 साली भारताचा संघ मुंबईहून बोटीने ॲमस्टरडॅमला गेला, तेव्हा गोलमध्ये ॲलन होता. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताने पाच सामन्यांत 29 गोल केले आणि भारतावर एकही झाला नाही. लोकांच्या लक्षात ध्यानचंद राहिले, ते योग्यच आहे. पण त्या 29च्या शेजारचं शून्य ॲलनचं होतं. 1932 साली लॉस एंजेलिसला भारताला दोनच सामने खेळायचे होते आणि संघात ॲलनच्या जोडीला आर्थर हाइंड हा दुसरा गोलरक्षक होता. दोघांनी एकेक सामना सांभाळला. अमेरिकेविरुद्ध भारत 24-1 असा जिंकला. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन मैदानाबाहेर चाहत्यांना सह्या देत होता, असं आजही सांगितलं जातं. 1936 साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीने एक गोल केला, भारताने आठ. तीन ऑलिम्पिक, तीन सुवर्णपदकं, आणि गोलमध्ये नागपुरात जन्मलेला माणूस.

फाळणीनंतर अनेक जुने खेळाडू पाकिस्तानात गेले आणि संघ नव्याने बांधावा लागला. 1948च्या लंडन ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला त्यांच्याच घरी 4-0 असं हरवलं, तेव्हा गोलमध्ये मुंबईचा लिओ पिंटो होता. नैरोबीत जन्मलेला हा गोवेकर मुंबईच्या हॉकीत मोठा झाला. त्याच संघात मद्रासचा रंगनाथन फ्रान्सिस होता. त्याने पुढे 1952 आणि 1956 अशी आणखी दोन ऑलिम्पिक पाहिली.

1956च्या मेलबर्नमधला बदल मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. फ्रान्सिस संघात असतानाच शंकर लक्ष्मण या तरुणाला घेतलं गेलं. त्या स्पर्धेत भारताने 38 गोल केले आणि भारतावर पुन्हा एकही झाला नाही. पाकिस्तानविरुद्धच्या 1-0 अशा अंतिम सामन्यात गोलमध्ये शंकर लक्ष्मण उभा होता. जुना जाणता सोबतीला आणि कसोटीच्या क्षणी नवा मैदानात, अशी ती सोपवणूक होती. ती पुढची दहा वर्षं पुरली.

शंकर लक्ष्मण महूजवळच्या कोदरियाचा. लष्करात तो बँडमधला मुलगा म्हणून आला आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन होऊन निवृत्त झाला. 1960 साली रोममध्ये पाकिस्तानने एका गोलने सुवर्ण हिरावलं. 1964 साली टोकियोत त्याच पाकिस्तानला 1-0 असं रोखून त्याने ते परत आणलं. 1966च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तो कर्णधार होता. आंतरराष्ट्रीय हॉकीत संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला गोलरक्षक मानला जातो. त्याच्या संघाने भारताला आशियाई स्पर्धेतलं पहिलं हॉकी सुवर्ण मिळवून दिलं. शेवटी पायाला गँगरीन झालं आणि 2006 साली हलाखीत त्याचा मृत्यू झाला. ज्या देशाचं गोल त्याने इतकी वर्षं राखलं, त्या देशाने त्याची वेळेवर काळजी घेतली नाही, हे लिहिताना लाज वाटते.

पुढच्या काळात खेळच बदलला. 1976च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. या घसरणीची चर्चा बहुतेक वेळा ड्रिब्लिंग आणि वेगाभोवती फिरते, पण गोलरक्षकाचं सगळं कसबच पालटलं होतं. गवतावर चेंडू उसळायचा आणि वेग हरवून यायचा. गोलरक्षक पॅडने तो जागीच मारून मग लाथेने दूर घालवायचा. कृत्रिम मैदानावर चेंडू जमिनीलगत सरळ आणि सुसाट येऊ लागला. फोमचे पॅड आले, त्यांवरून चेंडू लांब उडू लागला. म्हणजे अडवतानाच तो कोणत्या दिशेला जाईल हे ठरवणं आलं. मग पेनल्टी कॉर्नरवर स्टिकने चेंडू ओढून भिरकावणारी ड्रॅगफ्लिक आली. 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच गोलच्या कोणत्याही कोपऱ्यात चेंडू ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाने येऊ लागला. 2011पासून बरोबरीनंतर पेनल्टी स्ट्रोकऐवजी शूटआउट आला : 23 मीटरच्या रेषेवरून एक खेळाडू सुटतो, त्याला आठ सेकंद मिळतात आणि समोर एकटा गोलरक्षक असतो. निकाल जितका या एका माणसावर येऊ लागला, तितकी त्याची निवड जोखमीची झाली.

ही जोखीम त्याआधीच 1 डिसेंबर 1982 या तारखेने दाखवली होती. दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला 7-1 असं हरवलं. सात गोलांचा दोष एकट्या गोलरक्षक मीररंजन नेगीवर आला. त्याच्या निष्ठेवर संशय घेतला गेला आणि त्याची कारकीर्द तिथेच मोडली. सात गोल होईपर्यंत बचावफळी काय करत होती, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. तोच नेगी 1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून संघासोबत होता. कर्णधार पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी 1-1 असा सुटला, पेनल्टी स्ट्रोक झाले, गोलरक्षक आशिष बल्लालने त्यांतले काही अडवले आणि 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण भारताकडे आलं. ज्या माणसाला एका अंतिम सामन्याने संपवलं होतं, त्याच्या शिष्याने दुसरा अंतिम सामना जिंकून दिला. एका हरलेल्या सामन्यावरून गोलरक्षकाला मोडीत काढणं किती महाग पडतं, याचा याहून मोठा पुरावा नाही.

तरीही धडा घेतला गेला नाही. त्या सुवर्णानंतर काही आठवड्यांतच संघातून वगळलेल्या ज्येष्ठांमध्ये धनराजसोबत बल्लालही होता. 2000 साली सिडनी ऑलिम्पिकला गोलमध्ये मुंबईचा ज्यूड मेनेझिस उभा राहिला. हाच मेनेझिस पुढे जपानच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. 2004च्या अथेन्सला मुंबईचाच एड्रियन डिसूझा संघात होता.

जुलै 2009 मधला अपघात पुण्याचा आहे. बालेवाडीच्या शिबिरात बलजितसिंग हा भारताचा पहिल्या पसंतीचा तरुण गोलरक्षक सराव करत होता. प्रतिक्षिप्त क्रिया तल्लख व्हावी म्हणून गोल्फच्या लहान, कडक चेंडूंनी सराव चालला होता. त्यातला एक चेंडू डोळ्यावर बसला. दृष्टी गेली आणि उमलत असलेली आंतरराष्ट्रीय कारकीर्दही गेली. त्याची जागा भरण्याची तयारी कोणी केलेली नव्हती. पुढची दोन-तीन वर्षं डिसूझा, भरत छेत्री आणि श्रीजेश यांच्यात ती फिरत राहिली.

श्रीजेशने वरिष्ठ संघात पदार्पण केलं होतं 2006 साली. म्हणजे तो वर्षानुवर्षं आत-बाहेर होत होता. 2014च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याने सुवर्ण मिळवून दिलं, तोपर्यंत पदार्पणाला आठ वर्षं झाली होती. गोलरक्षक उशिरा पिकतो. कोण कुठून फटका मारेल, बचावपटूला कधी हाक द्यायची, केव्हा पुढे झेपावायचं आणि केव्हा रेषेवर थांबायचं, हे अनुभवानेच येतं, आणि हा अनुभव खेळल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून मला यवतमाळच्या आकाश चिकटेची कहाणी महत्त्वाची वाटते. 2016च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात श्रीजेश जखमी होता. पाकिस्तानसमोर आकाश उभा राहिला आणि भारत 3-2 असा जिंकला. 2017 साली श्रीजेश गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर असताना भारताने ढाक्यात आशिया चषक जिंकला. तेव्हा संघातले दोन्ही गोलरक्षक महाराष्ट्राचे होते : यवतमाळचा आकाश आणि मुंबईचा सूरज करकेरा. त्याच डिसेंबरात भुवनेश्वरला जागतिक हॉकी लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमविरुद्धचा शूटआउट आकाशने जिंकून दिला. पण 2018 मध्ये उत्तेजक चाचणीत तो दोषी आढळला, दोन वर्षांची बंदी आली आणि ती वाट तिथेच खुंटली. श्रीजेशमागची जागा पुन्हा एकदा अकस्मात रिकामी झाली.

ती मिळाली कृष्णबहादूर पाठकला. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकला तो राखीव म्हणून गेला, कारण ऑलिम्पिकचा संघ 16 जणांचा असतो आणि त्यात भारत एकच गोलरक्षक घेतो. इतर स्पर्धांत मात्र प्रशिक्षकांनी श्रीजेश आणि पाठक यांच्यात सामन्याची सत्रं वाटून दिली. अर्धा सामना एकाने, अर्धा दुसऱ्याने खेळायचा. या वाटणीवर तेव्हा टीकाही झाली. तिचं फळ पुढे दिसलं. श्रीजेशनंतर 2025च्या राजगीर आशिया चषकाला पाठक आणि करकेरा गेले, भारताने अंतिम सामन्यात कोरियाला 4-1 असं हरवलं आणि 2026च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. मेलबर्नमधल्या शहाणपणाची आठवण करून देणारा हा बदल होता.

आता प्रश्न त्याच्या पुढचा आहे. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला पाठक 31 वर्षांचा असेल, करकेरा 32चा. गोलरक्षकासाठी हे वय काही म्हातारपणाचं नाही. पण त्यानंतरची चार वर्षं कोण सांभाळणार? श्रीजेशच्या हाताखाली दोन तरुण दिसू लागले आहेत. 2024च्या जोहोर चषकात न्यूझीलंडविरुद्ध कांस्यपदकाचा शूटआउट बिक्रमजितसिंगने राखला. 2025च्या डिसेंबरात चेन्नईत ज्युनियर विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमविरुद्ध 2-2 बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये प्रिन्सदीपसिंग भिंतीसारखा उभा राहिला. उपांत्य फेरीत जर्मनीने भारतावर पाच गोल केले. तरी अर्जेंटिनाला 4-2 असं हरवून संघाने कांस्य मिळवलं.

इथे विकास दहियाचं नाव विसरू नये. 2016च्या लखनऊ ज्युनियर विश्वचषकात उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्धचा शूटआउट त्याने जिंकून दिला आणि भारत जगज्जेता झाला. वरिष्ठ संघात मात्र त्याला कायमची जागा मिळाली नाही. त्याच संघातला दुसरा गोलरक्षक पाठक पुढे पहिल्या पसंतीचा झाला. एका शूटआउटवरून भविष्य ठरवू नये, हे यातून कळतं. जर्मनीच्या पाच गोलांवरूनही ठरवू नये, हे नेगीने आधीच शिकवलं आहे. प्रिन्सदीप आणि बिक्रमजित या दोघांना वरिष्ठ संघाच्या कमी जोखमीच्या मालिकांत आताच सत्रं मिळायला हवीत. हॉकी इंडिया लीगमधल्या संघांनीही परदेशी गोलरक्षकामागे आपल्या तरुणाला बाकावर बसवून ठेवू नये.

दुसरा प्रश्न जवळचा आहे. नागपूर, मुंबई, पुणे, यवतमाळ ही गावं या वंशावळीत आली. मराठवाड्याचं एकही नाव इथे आलेलं नाही. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात पोरं कबड्डी, खो-खो, क्रिकेट खेळतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला आई-बाप निघाले की काहींची शाळाही सुटते. अशा घरातल्या मुलाला हॉकीचे पॅड कुठून परवडणार? पण श्रीजेशच्या वडिलांनी त्याचं पहिलं किट घ्यायला घरची गाय विकली होती, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. क्रीडाशाळेत धावण्यापासून व्हॉलीबॉलपर्यंत सगळं करून पाहिल्यावर वयाच्या बाराव्या वर्षी प्रशिक्षकांनी त्याला गोलमध्ये उभं केलं. बीड जिल्ह्यातल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्टीपलचेसकडे वळला आणि आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला. फलटणजवळच्या आसू गावची वैष्णवी फाळके राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारतीय महिला हॉकी संघात पोहोचली. गुणी मूल कोणत्याही गावात सापडतं. ते ओळखणारा माणूस आणि ते घडवणारी संस्था वेळेवर भेटली पाहिजे.

म्हणून विनंती बीड जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना आहे. यष्टीमागे उभं राहून चेंडू न सोडणारा मुलगा, कबड्डीत निमिषात दिशा बदलणारी मुलगी, अंगावर येणाऱ्या चेंडूला न भिणारं पोर तुमच्या मैदानावर असेल, तर त्याला क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांना घेऊन जा. आणि विनंती जिल्हा परिषदेला आणि क्रीडा खात्याला आहे : तालुक्याला गोलरक्षकाचा एक तरी पूर्ण संच द्या, म्हणजे यापुढे कोणा बापाला त्यासाठी दावणीची गाय विकावी लागणार नाही.