२०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटींचं, पण नव्या शस्त्रांसाठी किती?

मी बल्लारपूरचा. मागे सुट्टीत घरी गेलो तेव्हा आयटीआय करणाऱ्या मावसभावाने मोबाईलवर बजेटची बातमी दाखवली आणि विचारलं, "दादा, एवढा पैसा आहे, त मले भद्रावतीच्या फॅक्टरीत काम लागन का?" उत्तर देण्याआधी आधी हिशोब करूया.

१०० रुपयांचा हिशोब

२०२५-२६ चं संरक्षण बजेट होतं ६,८१,२१० कोटी रुपये. हे १०० रुपये समजा:

• सुमारे ४६ रुपये : पगार, इंधन, देखभाल असा रोजचा खर्च
• सुमारे २४ रुपये : पेन्शन
• सुमारे ४ रुपये : मंत्रालयाच्या इतर संस्था
• सुमारे २६ रुपये : भांडवली खर्च

आधुनिकीकरण या शेवटच्या २६ मध्ये येतं. त्यातले जवळपास २२ रुपये विमानं, जहाजं, तोफा अशा खरेदीसाठी. पण हेही सगळे मोकळे नसतात. आधी केलेल्या करारांचे हप्ते त्यातूनच जातात. फोनचा ईएमआय चालू असताना नवीन फोन घेण्यासारखंच.

देशातच खरेदी का?

खरेदीच्या १.४९ लाख कोटींपैकी ७५ टक्के रक्कम देशी उद्योगांसाठी राखीव होती. बाहेरून शस्त्र घेतलं की पुढची कित्येक वर्षं सुटे भाग, दुरुस्ती आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी त्याच कंपनीकडे जावं लागतं. कंपनीने अपडेट बंद केले की चांगला फोनही कसा जुना होतो, ते आपल्याला माहीतच आहे.

पिनाका रॉकेटचं उदाहरण घ्या. याचा एक लाँचर ४४ सेकंदांत १२ रॉकेट सोडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यासाठी एकूण १०,१४७ कोटींचे करार झाले. रॉकेटसाठी नागपूरची खाजगी कंपनी इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज आणि सरकारी म्युनिशन्स इंडिया, तर 'शक्ती' या सॉफ्टवेअरच्या अपग्रेडसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स.

मग भद्रावतीचं काय?

भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी याच म्युनिशन्स इंडियात येते. पूर्वी ती आयुध निर्माणी बोर्डाकडे, म्हणजे थेट सरकारी खात्यात होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या ४१ निर्माणींच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. कंपनी म्हटलं की कमाई ऑर्डरवर, आणि ऑर्डरसाठी आता समोर खाजगी कंपन्याही आहेत. बाहेरच्या देशांचं गिऱ्हाईकही महत्त्वाचं. भारताची संरक्षण निर्यात २०२३-२४ मध्ये २१,०८३ कोटी होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली.

म्हणून भावाला सांगितलं, "बजेटचा आकडा मोठा झाला म्हणून तुझं काम पक्कं होत नाही. करार कोणाला मिळाला, किती वर्षांचा आहे, ते बघ. आणि फक्त सरकारी भरतीवर थांबू नको, नागपूरकडेही नजर ठेव."

आता तो भरतीच्या जाहिरातीसोबत कराराच्या बातम्याही वाचतो. तुम्हीही पुढच्या बजेटला मोठा आकडा पाहिलात की आधी विचारा, यातले खरेदीचे किती?