विषम संख्यांची चाळणी

शाळेत आपण १ ते १०० ची चौकट आखतो, २, ३, ५ आणि ७ च्या पटी खोडतो. १ वगळता उरतात त्या मूळ संख्या. ही एरॅटोस्थेनिसची चाळणी. तिच्या सर्वांत जुन्या वर्णनात मात्र सम संख्या मुळी नाहीतच.

एरॅटोस्थेनिस इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, आजच्या लिबियातल्या सायरीनचा. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, पृथ्वीचा परीघ मोजणारा तो हाच. चाळणीबद्दलचं त्याचं स्वतःचं लिखाण उरलेलं नाही. ती आपल्यापर्यंत पोचवली निकोमॅकसने, इ.स. १०० च्या सुमारास. हा गेरासाचा, म्हणजे आजच्या जॉर्डनमधल्या जेराशचा. मूळ आणि संयुक्त या त्याच्या लेखी विषम संख्यांच्याच जाती, म्हणून २ ला त्या पंगतीत पान नव्हतं.

कृती अशी: ३, ५, ७, ९, ११ अशी रांग मांडा. ३ पासून दोन घरं सोडून तिसरं धरा: ९, १५, २१. ५ पासून चार सोडून पाचवं: १५, २५, ३५. निकोमॅकस आणखी एक गोष्ट सांगतो. ३ ने गाठलेली पहिली संख्या तिनाची तिप्पट, दुसरी पाचपट, तिसरी सातपट. म्हणजे संख्या खोडतानाच तिचे अवयव हाती येतात. मला या चाळणीचं खरं मोल इथे वाटतं: प्रत्येक विषम संख्येला ती तिचं कूळ विचारते.

मोजून पाहा. ३ ते ९९ मध्ये ४९ विषम संख्या. ३ च्या पटींमुळे १६ गळतात. उरलेल्यांतून ५ मुळे ६: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५. ७ च्या वाट्याला तीनच: ४९, ७७ आणि दिसायला अगदी मूळ वाटणारी ९१. अकराचा वर्ग १२१, शंभराबाहेर. म्हणून इथेच थांबायचं. २५ गळल्या, २४ मूळ उरल्या.

हीच वजाबाकी फ्रेंच गणिती लजांद्रने पुढे सूत्रात बांधली. यादी न करता मूळ संख्या मोजता येऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या मायसेलने ती रीत सुधारली आणि दहा कोटींपर्यंतचा आकडा काढला: ५७,६१,४५५.

आज संगणकाची चाळणी लिहिणारे बहुधा सम संख्यांना जागाच देत नाहीत, कारण त्याने निम्मी स्मृती वाचते. रांग पुन्हा ३, ५, ७ पासून सुरू होते, निकोमॅकसने मांडली होती तशीच.